खुष्कीतली झाडं

फसली तेराशे एकोणतीसच्या चैत्रात आमच्या रानात शिरायला वाट राहिली नव्हती. तीन वर्षं पाऊस नाही म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उघडीबोडकी जमीन येते. तसं होत नाही. पहिल्या वर्षी पेरलेलं करपलं. दुसऱ्या वर्षी दोन सरी भुरभुरल्या, त्या पिकाला पुरल्या नाहीत, पण तरवड आणि बोराटी तेवढ्यावर माजली आणि बांध सोडून रानाच्या मधे आली. तिसऱ्या वर्षी तीही उभ्या जागी वाळली. त्यात बाभळी, हिवर, लिंब, सगळ्यांची पानं गळालेली. चौदा एकरांचं रान, पण बैल तर सोडाच, शेळीसुद्धा आत गेली तर परत यायची नाही.

आमची वाडी नांदूरघाटापासून कोसभर. मालक, म्हणजे माझे यजमान अर्जुनराव, पौषातच वाडीतल्या इतर पुरुषांबरोबर जनावरं घेऊन गंगथडीला गेले होते. गोदावरीच्या काठी चारा आहे अशी खबर होती. मांजरसुंब्याला पोचल्याचा निरोप एका गाडीवानानं आणला, त्यानंतर काही नाही. घरी मी आणि माझ्या सासूबाई. त्यांचं नाव बायनाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांचे गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. माझं उलटं. मी बोलले तर शेजारी बसलेल्याला ऐकू येई, तेही त्यानं मनावर घेतलं तर. त्यामुळं घरात रिवाजच पडला होता, मी पुटपुटायचं आणि आत्याबाईंनी ते गावाला ऐकवायचं. ऐकवताना त्या पदरचं मीठही घालत.

चैत्र लागला तसा केजहून चपराशी हुकूम घेऊन आला. पटवाऱ्यांनी तो चावडीवर वाचला. मुलूख निजामाचा, त्यामुळं हुकूम उर्दूत होता. ते वाचत गेले आणि मधूनमधून मराठीत सांगत गेले. बायका चावडीवर जात नसत, म्हणून आत्याबाईंनी बंकटला पाठवलं होतं. बंकट मालकांचा चुलतभाऊ. त्याची जनावरं आदल्याच वर्षी संपली होती, म्हणून तो वाडीत राहिला होता. चावडीवरून आला तो ऐटीतच.

"लई मोठा हुकूम हाय, काकू," तो उंबऱ्यावर टेकून म्हणाला. "पंधरा दिसांनी नांदूरघाटाला गिरदावर साहेबाचा मुक्काम पडणार. तितनं ते एकेक रान बघत फिरणार. ज्येच्यात काटं भरल्यात, वाळली झाडं उभी हायेत, ते रान बंजर म्हंजी पडीक लिवणार. पट्टा कटला. मंग जो मागंल त्येचं ते रान."

"आन् मागतंय कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"मोहनराव हुते की तितं. म्हणले, अर्जुनाचं रान माझ्या बांधाला हाय, बंजर झालं तर मी अर्ज देईन, कुणी वाईट वाटून घिऊ नका."

मोहनराव तसे बोलायला गोड होते. त्यांच्या विहिरीला गुडघाभर का होईना पाणी होतं, कडब्याची गंज होती, म्हणून त्यांचे बैल आणि गडी वाडीतच होते. आमच्याकडं कुऱ्हाड एक, कोयते दोन.

"मंग तोडायचं कसं?" आत्याबाई म्हणाल्या. "झाडाला हात लावायचा तर सरकारचा परवाना लागतोय."

"त्येच तर सांगतोय. परवान्याचं काम न्हाई. हुकमातच लिवलंय, खुष्कीतली समदी झाडं तोडायला परवानगी हाय."

आमच्याकडं विहिरीच्या भिजणाऱ्या जमिनीला तरी म्हणत आणि पावसावरच्या जमिनीला खुष्की. आमचे चौदाही एकर खुष्की. म्हणजे सगळीच झाडं आली. आत्याबाईंनी देवाला हात जोडले. मीही जोडले, पण मनातून मला ते पटलं नाही. मेलेलं झाड तोडायलाही जे सरकार परवाना मागतं, ते जिती झाडं सरसकट कशी तोडू देईल, असं वाटलं. पण चावडीवर मी नव्हते, बंकट होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही काट्याला भिडलो. आम्ही म्हणजे मी, बंकट आणि छबुबाई. छबुबाईचं घर आमच्या पाठीमागं, ती विधवा, तिला कुणी नव्हतं. निम्मं सरपण तिचं आणि बंकटचं, निम्मं आमचं, असं ठरलं. आत्याबाई बांधावर गोधडी टाकून बसत आणि तिथून कारभार बघत.

काटा काढायची एक रीत आहे. एकीनं लांब आकडीनं झुडूप आपल्याकडं ओढून वाकवायचं, दुसरीनं वाकलेल्या अंगाच्या पाठीमागून बुडात कोयता मारायचा. समोरून मारलं तर झुडूप उसळून तोंडावर येतं. वाळलेली तरवड चट्कन तुटते. बोराटी मात्र तुटल्यावरही धरून ठेवते, लुगडं सोडत नाही.

"ही बोराटी माझ्या सासूवर गेली," छबुबाई म्हणायची. "मेली तरी पदर सोडंना."

"का गं, तुजी सासू लई चांगली हुती," आत्याबाई बांधावरून म्हणायच्या.

"तुमाला चांगली हुती. तुमी तिच्या घरात हुता का?"

चार दिवसांत झुडपं निघाली. बांधाच्या कडेनं काट्यांची भिंत उभी राहिली, ती पुढं कुंपणाला झाली. आता झाडं दिसायला लागली. पाचव्या दिवशी बंकटनं पहिली कुऱ्हाड मधल्या लिंबावर घातली. एक घाव बसला आणि मला वास आला. कडू, ओला वास. मी जवळ जाऊन घावाच्या खाचेत बोट घातलं. बोट ओलं झालं.

"थांबा, भावजी," मी म्हणाले.

त्यानं दुसरा घाव उचलला होता. त्याला ऐकूच गेलं नाही.

"ती थांब म्हणती, बहिऱ्या," आत्याबाई ओरडल्या.

बंकट थांबला. "झाडावर एक पान न्हाई, वयनी. ओल काय, आज हाय उद्या न्हाई. आन् हुकूम हाय समद्या झाडांचा."

मी त्याला म्हटलं, आजचा दिवस सोडा, बांधाच्या खालची काटी ओढा, मी उद्या सांगते. लिंबाच्या घावात शेणमाती भरली आणि दुपारी पटवाऱ्यांच्या घरी गेले.

त्यांच्याकडं चैत्रगौर बसली होती. त्या साली कैरीही नव्हती आणि भिजवलेले हरभरेही नव्हते. पटवारीणबाई आलेल्या सवाष्णीला हळदीकुंकू लावत आणि गुळाचा खडा हातावर ठेवत. मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, हुकमात झाडांविषयी नेमकं काय आहे. त्यांनी ओसरीवरच्या नवऱ्याला तिथूनच विचारलं.

"दरख्ताने खुष्क," पटवारी म्हणाले. "वाळलेली झाडं. मेलेली. का हो?"

"बंकट म्हणतोय खुष्कीतली झाडं," माझं ऐकून पटवारीणबाईंनी सांगितलं.

पटवारी ओसरीवरून उठले. मग ते स्वतः दाराशी आले. "अर्जुनरावांच्या घरी सांगा, हिरव्याला कुऱ्हाड लागली तर तोच गुन्हा आहे. बंजर राहिलं तर रान जाईल, आणि जितं झाड तोडलं तरी रान जाईल. गिरदावर बुंधा न् बुंधा बघतो."

मी निघताना पटवारीणबाईंनी कुंकवाची एक पुडी दिली. म्हणाल्या, गौरीला दुसरं काही नाही, हे तरी भरपूर आहे.

घरी आले तेव्हा बंकट आत्याबाईंशी बोलत बसला होता. मी सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"खुष्क न् खुष्की एकच की वो. मी माझ्या कानानं ऐकलंय. पटवारी चावडीवर एक सांगतोय आन् घरात बायकूपुढं दुसरं."

"कोरडी जमीन ती खुष्की. कोरडं झाड ते खुष्क," मी म्हटलं.

"आन् कोणतं कोरडं हाय ते कसं वळखायचं? समदी सारकीच दिसत्यात. का एकेक खरवडत बसायचं? धा दिस ऱ्हायल्यात."

त्याचं खोटं नव्हतं. पण उत्तरही त्यानंच देऊन टाकलं होतं.

माझा तेव्हा नेम होता आणि अजूनही आहे. सकाळी उठून महादेवाच्या पिंडीवर एक बेलाचं पान आणि गडूभर पाणी घातल्याखेरीज तोंडात पाणी घ्यायचं नाही, आणि पूजा होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. देऊळ आमच्या रानाच्या टोकाशीच होतं. पुढचे तीन दिवस बंकट बांधाखालची काटी ओढत होता, आणि मी रोज तांबडं फुटताच रानात जाऊ लागले. प्रत्येक झाडाच्या सालीवर छातीएवढ्या उंचीवर नखानं एक ओरखडा काढायचा. वरची खरखरीत साल निघाली की खालचा पापुद्रा दिसतो. तो तपकिरी असला आणि भुग्यासारखा झडला तर झाड गेलं. पोपटी असला, बोटाला चिकटला, तर पान नसलं तरी झाड आत जागं आहे. एके ठिकाणी कळलं नाही तर तीन ठिकाणी बघायचं. ज्याच्यात ओल सापडली त्याला तिथंच, ओरखड्याच्या वर, हळद आणि कुंकू लावायचं. तोंडानं कुणाशी भांडायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर बंकटशी भांडून माझा आवाज त्याच्या कानापर्यंत गेलाच नसता. कुंकू त्याला दिसलं असतं.

एकसष्ट झाडं भरली. त्यातल्या सतरांना कुंकू लागलं.

चौथ्या दिवशी बंकट कुऱ्हाड घेऊन आला आणि लिंबापाशी उभा राहिला. मग पुढच्या बाभळीपाशी गेला. मग परत आला.

"ह्ये कुणी केलं?"

"देवीनं," छबुबाई म्हणाली.

"कोणच्या देवीनं?"

"जी परवा पटवाऱ्याच्या घरनं पुडी घिऊन आली."

त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. जिच्या कपाळी कुंकू आहे तिच्यावर हात उचलणारा माणूस आमच्या वाडीत नव्हता, आणि झाडाच्या बाबतीत तेच खरं होतं. हे त्याला कुणी समजावलं नाही. तो जरा वेळ बोरीच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. ती बिनकुंकवाची होती.

"मंग ही घिऊ का?" त्यानं विचारलं.

"घ्या," मी म्हटलं.

"ती घ्या म्हणती," आत्याबाई म्हणाल्या. "आन् तोंड मिटून घे म्हणती."

त्यानंतर काम पळालं. आधी निवड झालेली असली की हाताला विचार करावा लागत नाही. बंकट पाडायचा, छबुबाई आणि मी फांद्या सोलायचो, काटी एकीकडं, जळण एकीकडं, सरळ लाकूड घराच्या आढ्यांना. तोडायच्या आदल्या दिवशी मी त्या त्या झाडाच्या बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवून सांगत असे, उद्या येतो, तुझ्यात कुणी राहत असेल तर आज जागा बदल. छबुबाई म्हणायची, ह्या दुष्काळात तांदूळ मुंग्यास्नी का. मी म्हणायची, मुंग्या काही कमी उपाशी नाहीत.

राहता राहिला बेल. दक्षिणेच्या बांधावर होता, मालकांच्या आजोबांनी लावलेला. माझ्या नेमाचं पान त्याचंच. दोन वर्षांपासून त्याला पान नव्हतं. वाहिलेलं बेलपान धुऊन पुन्हा वाहिलं तर चालतं, ते शिळं होत नाही, म्हणून मी एकच पान रोज धुऊन वाहत होते. त्या बेलाला मी सात ठिकाणी ओरखडलं होतं. सातही ठिकाणी भुगा.

बंकट त्याच्यापाशी आला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "ह्येला कुंकू लावायचं ऱ्हायलं का, वयनी?"

"राहिलं नाही. मेलंय ते."

"मेलं तर मेलं. बेल हाय. लावा एक बोट. कोण बघतंय."

मला लावावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण एका मेल्या झाडाला माझ्या ओढीपायी कुंकू लावलं असतं तर बाकीच्या सतरा कुंकवांना काय अर्थ राहिला असता. मी तांदूळ ठेवले, पाणी घातलं, नमस्कार केला आणि पहिला घाव मीच घातला, म्हणजे पाप असेल तर ते माझ्या हातून व्हावं. बेलाचं लाकूड चुलीत घालत नाहीत. ते देवळात रचून ठेवलं.

गिरदावर साहेब ठरल्याप्रमाणं शनिवारी आले. घोड्यावरून उतरले, उंच, किडकिडीत, दाढी पांढरी होत आलेली. बरोबर पटवारी होते. मोहनरावही होते, बांधाचे शेजारी म्हणून. मी आणि छबुबाई पदर घेऊन आत्याबाईंच्या गोधडीपाशी उभ्या राहिलो. बंकट मुजरा करून बाजूला झाला.

साहेबांनी रान पाहिलं. काटा दिसत नव्हता. ते चव्वेचाळीस बुंध्यांवरून चालत गेले, बऱ्याच बुंध्यांवर चाकूची पात घासून पाहिली. सगळे कोरडे. पटवाऱ्यांची मान हळूहळू ताठ व्हायला लागली होती.

"आणि हे काय?" त्यांनी कुंकू लावलेल्या झाडांकडं बोट केलं. मराठी त्यांना चांगलं येत होतं.

पटवाऱ्यांनी सांगितलं, ही जिती म्हणून ठेवली आहेत.

मोहनराव मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, बाई मोठ्या धर्माच्या आहेत. पण पान तर एकावरही नाही. तोडायचा कंटाळा आला की कुंकू लावायचं, मग कोण हात लावतंय. मी म्हणतो असं नाही, वाडीत बोलतात."

"वाडीत कोण बोलतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "आमचा बंकट सोडला तर वाडीत गडीमाणूस तुमीच ऱ्हायलाव."

साहेब मिशीत हसल्यासारखे झाले. "ठीक. मी तीन झाडं बघतो. मोहनराव, तुम्ही दाखवा."

मोहनरावांनी मधला लिंब दाखवला. साहेबांनी साल खरवडली. पोपटी. मग एक बाभूळ. तिच्यातून डिंकाचा बारीक थेंब आला. मग मोहनराव सरळ आपल्या बांधाकडं गेले आणि तिथल्या हिवरावर हात ठेवला. मांडीएवढा जाड, वाकडा हिवर.  त्याच्यात ओल सापडली होती ती दोऱ्याएवढी, तिसऱ्या ओरखड्यात. त्याला आठ दिवस होऊन गेले होते आणि उन्हाचे दिवस होते.

साहेबांनी खरवडलं. भुगा पडला. वर खरवडलं, खाली बसून मुळाशी खरवडलं. भुगाच.

"हे तर खुष्क आहे," ते म्हणाले. त्यांनी पटवाऱ्यांकडून कागद घेतला. "हुकूम साफ आहे. वाळलेलं झाड उभं म्हणजे रान साफ नाही."

  मोहनरावांनी हात उपरण्याला पुसले.

मी आत्याबाईंना म्हटलं, "म्हणावं, कलम थांबवा. आम्ही कुंकू लावलं तेव्हा त्याच्यात ओल होती, आता नाही. आत्ता तोडतो."

आत्याबाईंनी ते सांगितलंच नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. "त्येच्यावर कुंकू हाय," त्या हळू म्हणाल्या. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कुंकू पुसल्याबिगर कुऱ्हाड चालायची न्हाई, आन् कुंकू तू पुसायचं न्हाईस. माजा लेक गंगथडीला हाय. तीन महिने झाले, निरोप न्हाई."

बंकटनं कुऱ्हाड जमिनीवर ठेवून दिली. "मी न्हाई, वयनी. रान जाऊ द्या."

"मी पुसते," छबुबाई म्हणाली. "माजं काय ऱ्हायलंय जायाचं."

तिचा हात मी धरला. तिनं पुसलं असतं तर ते तिच्या कपाळी पुन्हा एकदा लिहिल्यासारखं झालं असतं, आणि ते मला नको होतं.

"राहू द्या, सूनबाई," मोहनराव म्हणाले. आणि खरंच कळवळ्यानं म्हणाले असावेत. "जमिनीचं काय एवढं. सौभाग्य मोठं."

तेव्हा मला कळलं की सगळे एकाच शब्दाला अडले आहेत. पुसणं. पुसायचं कशाला? नवरात्रात आपण घट बसवतो. नऊ दिवस त्या मातीला हळदकुंकू वाहतो, आरती करतो. दसऱ्याला तो घट कुणी पुसत नाही आणि मोडतही नाही. अक्षता टाकून, नमस्कार करून, जागचा जरा हलवतो. देव उठला. मग तीच माती आपण रानात नेऊन टाकतो आणि तिच्यावरून नांगर फिरतो, आणि त्यात कुणाचं वाईट होत नाही. देवाला उठवता येतं, तर झाडालाही येईल.

मी साहेबांपुढं गेले. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बोलले. "साहेब, जरा वेळ द्या. ह्या झाडाला निरोप द्यायचाय. मग झाड तुमच्यापुढं पाडतो."

मी इतकं मोठ्यानं बोलले असेन असं मला वाटलं नाही, पण बांधापलीकडच्या मोहनरावांच्या गड्यानंही वळून बघितलं.

साहेबांनी कागदावरून मान वर केली. "किती वेळ?"

"पूजेला जेवढा लागतो तेवढा."

"घ्या, बाई." ते लिंबाखाली जाऊन बसले. लिंबाला सावली नव्हती, तरी लिंबाखालीच बसले.

देवळातून मी गडू आणि अक्षता आणल्या. हिवराच्या बुडाशी पाणी सोडलं. जिथं कुंकू होतं तिथंच आणखी हळदीकुंकू वाहिलं, पुसणं दूरच. साखर नव्हती, गुळाचा खडा ठेवला. अक्षता टाकल्या आणि म्हटलं, आठ दिवस तुला इथं बसवलं, आता ऊठ, जिथं पाणी असेल तिथं जा, आणि मालक वाटेत भेटले तर त्यांनाही घरी घेऊन ये. मग दोन्ही हातांनी बुंधा धरून हलवला, जसा घट हलवतात तसा. मेलेला हिवर थोडा हलला. मी नमस्कार करून बाजूला झाले.

आत्याबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. चार महिन्यांत त्या इतकं चालल्या नव्हत्या. त्यांनी हिवरापाशी येऊन उरलेल्या अक्षता टाकल्या आणि बंकटकडं वळल्या.

"देव उठलाय. आता नुसतं लाकूड हाय. उचल."

वाळला हिवर लोखंडासारखा असतो. कुऱ्हाड आत शिरत नाही, टणकन् मागं येते. बंकटनं दम लागेपर्यंत मारली, मग छबुबाईनं घेतली, मग मी. शेवटी मोहनरावांच्या बाजूला कलू लागला तेव्हा मोहनराव चार पावलं मागं सरले. पडला तो बरोबर बांधावर आडवा पडला.

साहेब उठून आले. बुंध्यावर चाकूची पात घासली. मग कागदावर लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी तो पटवाऱ्यांना न देता स्वतःच वाचला, आधी उर्दूत आणि मग मराठीत, सावकाश, शाळेत शिकवतात तसा. रान साफ. वाळलेली झाडं काढली, जिती झाडं सोळा उभी. पट्टा अर्जुनराव, कायम. पाहणीच्या वेळी हजर, त्यांची बायको.

"बाईंचं नाव?" त्यांनी विचारलं.

नाव मी सांगायच्या आधी आत्याबाईंनी सांगितलं. "केसरबाई. आन् माजं बी लिवा, बायनाबाई. म्या बी हजर हुते."

त्यांनी तेही लिहिलं.

ते घोड्याकडं निघाले तशी मी मोहनरावांकडं वळले. ते अजून आडव्या पडलेल्या हिवराकडं बघत होते. रान मोकळं झालं होतं, पण मृगाच्या आधी त्याला नांगर लागला नसता तर हे सगळं केलं न केलं सारखंच होतं, आणि आमचे बैल गंगथडीला होते.

"तात्या," मी म्हटलं, "तुमची बैलजोडी मला पाहिजे. नांगरटीला. बदल्यात हा हिवर न्या, तुमच्याच बांधावर पडलाय, नांगराला चांगला होईल."

साहेबांनी रिकिबीत पाय घातला होता, तो तसाच ठेवून ते थांबले. मोहनरावांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"परवा पाठवतो," ते म्हणाले.

"परवा सोमवार. नंदीच्या वारी बैलाच्या मानेवर मी जू ठेवत नाही. उद्याच पाठवा."

"बरं. उद्या."

"आणि वैरणही बरोबर द्या. आमच्या घरात काडी नाही, आणि तुमचे बैल उपाशी राबले तर मला चालायचं नाही."

छबुबाईनं पदर तोंडाला लावला. मोहनरावांनी मान हलवली आणि ते आपल्या रानातून निघून गेले. रविवारी दिवस उगवायच्या सुमाराला त्यांचे बैल आले, आणि त्यांच्या मागं गडी, डोक्यावर कडब्याच्या सहा पेंढ्या घेऊन.